कारण: पटत नाही

विहीरवाला दुपारी छपरीत आडवा झाला की घरातलं कुणी त्याच्या जवळ फिरकत नसे. उठवायचंच झालं तर अंगणातून पत्र्यावर काठी वाजवायची. तो ताडकन उठून बसायचा. दोन्ही मुठी आवळलेल्या, डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसलेले. मग हळूहळू माणूस ठिकाणावर यायचा आणि ओशाळून म्हणायचा, "आलोच."

त्या उन्हाळ्यात त्याला सगळीकडून बोलावणी होती. विहिरींनी तळ गाठला होता आणि जो तो आपली विहीर आणखी खोल करायच्या मागं लागला होता. पूर्वी तो स्वतः खाली उतरून कातळ फोडायचा. आता तो वरच थांबायचा आणि यारी चालवायचा. खालच्या माणसांनी दगडगाळानं भरलेली बादली दोराला अडकवली की ती यंत्रानं वर ओढायची आणि काठावर पालथी करायची. भर उन्हात, तापल्या लोखंडाशेजारी, दिवसभर. रात्री त्याला झोप लागत नसे, म्हणून दुपारी जेवायला घरी आला की मिळेल तेवढा वेळ तो मेल्यासारखा पडायचा.

त्याच्या बायकोला सगळे रोपवाली म्हणत. घरामागच्या तुकड्यात तिची रोपवाटिका होती. काळ्या पिशव्यांत माती भरायची, बी टोचायचं, जुन्या साड्या बांधून सावली करायची आणि दिवसातून दोनदा झारीनं पाणी घालायचं. हातांच्या भेगांत माती इतकी बसलेली की कितीही घासली तरी निघत नसे.

त्या दुपारी ती टोकाच्या वाफ्यापाशी खत आणि माती कालवत होती. त्यांची मुलगी, जिला सगळे खार म्हणत कारण तिचा पाय कधी एका जागी ठरत नसे, तांब्या घेऊन बापाकडे निघाली. बापाला तहान लागली असेल, एवढंच तिच्या मनात. रोपवालीनं तिला जाताना पाहिलं नाही. तिला ऐकू आली ती सासूची हाक. शब्द नव्हतेच त्यात, नुसता घशातून फुटलेला आवाज.

ती धावली. छपरीत तो गुडघ्यांवर बसला होता. टाचा जमिनीत रोवलेल्या. पोरीचा हात मनगटापाशी दोन्ही हातांनी धरून तो वर ओढत होता आणि दातओठ खात म्हणत होता, "धर. धर. सोडू नकोस." खारीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तोंड उघडं, पण आवाज नाही.

रोपवालीनं काठी उचलली आणि पत्र्यावर हाणायला लागली. पत्रा दणाणत होता, ती ओरडत होती, पण तिचे पाय पुढं सरकेनात. आपली पोर तिथं आणि आपण इथं पत्रा बडवतोय, हे तिला कळत होतं. तरी पाय जाईनात. शेवटी म्हातारी सासूच लंगडत पुढं झाली आणि तिनं भरलेली घागर लेकाच्या डोक्यावर रिकामी केली.

त्यानं हात सोडला. बघितलं. मग आपल्या हातांकडे बघितलं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कशानं झालं?" विहीरवाल्याचे ओठ हलले. त्याच्या आधी रोपवाली म्हणाली, "पडली. झाडावरून." खारीनं आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. पोरीनं इतक्या पटकन खोटं बोलावं, याचीही रोपवालीला भीती वाटली.

घरी आल्यावर तिनं हातात प्लास्टर घातलेल्या पोरीला झोपवलं आणि पुन्हा पिशव्या भरायला बसली. हात कामाला लागले की डोकं जरा थंड व्हायचं. तो समोर येऊन बसला, एक पिशवी उचलून माती भरू लागला. कितीतरी वेळ दोघं भरतच राहिली.

"आपण वेगळं होऊ," तो म्हणाला.

"झोपता ना वेगळे. अजून किती वेगळं व्हायचं?"

"झोपतो. तू आतून कडी लावतेस, वर कडीला पहार लावतेस. मला दिसत नाही का? मीच सांगितलंय तुला तसं. पण पोर कुठं कडी बघते?"

ती पिशवीतली माती दाबत राहिली. त्याचा तो जोडीदार, ज्याच्याबरोबर तो विहिरीत उतरायचा, तो गेल्यापासून हे असं होतं. कड ढासळली तेव्हा दोघं खाली होते. हा गळ्यापर्यंत गाडला गेला, जोडीदार पूर्ण. त्याचा एक हात तेवढा मातीबाहेर होता आणि तो यानं धरून ठेवला होता. लोकांनी दुसऱ्या दिवशी यांना वर काढलं, तेव्हा याची बोटं त्या गार हातावरून सुटेनात. चौघांनी मिळून एकेक बोट उलगडलं. तेव्हापासून झोपेत जे हाताला लागेल ते तो धरायचा आणि वर ओढायचा. एकदा तिचा गळा लागला होता. नंतर कितीतरी दिवस ती भर उन्हात गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून फिरत होती. डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या तर दिवसभर गुंगी. यारीवरचा माणूस गुंगीत म्हणजे खालच्यांच्या जिवाशी खेळ. त्यानं गोळ्या सोडल्या.

"मारायला नाही गं," तो पहिल्यांदा म्हणाला होता. "वर काढायला."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली होती. ठाऊक होतंच. पण गळ्याला ते कुठं ठाऊक होतं?

"मग जा ना कामावरच राहायला," ती आता म्हणाली. "येत जा अधूनमधून. कागदं कशाला?"

"मी नुसता निघून गेलो की लोक म्हणतील टाकून गेला. तू ना धड नवऱ्याची, ना धड मोकळी. हा तुकडा माझ्या नावावर. उद्या मी कुठल्या विहिरीत मेलो तर माझे चुलते येऊन उभे राहतील. तुला लटकत ठेवायचं नाही मला. जागा तुझ्या नावावर करतो. पोर तुझ्यापाशी. कोर्टात जाऊन नीट होऊ दे."

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं तिचा बाप म्हणायचा. पण ती चढायला निघाली. हा माणूस वाईट असता तर सोपं होतं, असं तिला वाटलं. वाईट माणसाला शिव्या देता येतात.

तालुक्याच्या गावी एका वकिलाकडे दोघं गेली. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून दोघं एकदमच उठली. तो मागून म्हणाला, "स्वतः करायला जाल, तर एक शब्द चुकला की सगळं मुसळ केरात. न्यायाधीश एकेकट्याला आत घेतात, कळलं का? तिथं नवरा एक सांगतो, बायको दुसरं. खोटी साक्ष म्हणून आत घालतात." जिना उतरताना ती कठडा धरून थांबली. विहीरवाला म्हणाला, "घाबरवतोय तो. गिऱ्हाईक गेलं ना." पण त्याचाही हात कठड्याला घट्ट होता.

कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारा एक माणूस अर्ज लिहून देत असे. त्यानं चष्म्यावरून दोघांना पाहिलं.

"कारण?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"दारू पितो?"

"नाही."

"मारतो?"

तिचा हात गळ्याशी पदराकडे गेला. "नाही."

"बाहेर काही लफडं? त्याचं? तुमचं?" रांगेतले दोघे खुदकन हसले. तिनं मान खाली घातली. विहीरवाला त्या हसणाऱ्यांकडे वळला. तिनं त्याची बाही ओढली.

"अहो ताई, मग घटस्फोट कशाला? इतकं गोडीगुलाबीचं असेल तर घरी जा आणि संसार करा की. एका ओळीत सांगा. मागं लोक उभे आहेत."

"पटत नाही," ती म्हणाली.

"हां. स्वभाव जुळत नाहीत." टक टक टक. "दोघांचा एकत्र फोटो आणलाय?"

नव्हता. लग्नातला एक होता, त्याला वाळवी लागली होती. म्हणून दोघं समोरच्या फोटोवाल्याकडे गेली. त्यानं त्यांना निळ्या पडद्यापुढं बाकावर बसवलं. "दादा, जरा जवळ सरका. हात खांद्यावर. वहिनी, हसा की! लग्नाचा वाढदिवस आहे वाटतं?"

विहीरवाल्याचा हात तिच्या खांद्यावर आला. तिचं अंग आपोआप आक्रसलं. त्याला ते कळलं. त्यानं हात तसाच अधांतरी धरला, खांद्याला न टेकवता. फोटोत ते दिसत नव्हतं. फोटोत ते चांगलं जोडपं दिसत होतं.

पहिल्या दिवशी न्यायाधीशबाईंनी नुसती तोंडं पाहिली. "दोघांची मर्जी आहे?" दोघांनी हो म्हटलं. "वकील?" "नाही." बाईंनी पुढची तारीख लिहिली. "मधल्या काळात विचार बदलला तर बदला. त्यात कमीपणा नाही. त्या दिवशी मी पुन्हा विचारीन, एकेकट्याला."

एकेकट्याला. तो शब्द गाडीत बसल्यावरही तिला सोडेना.

कारण विहीरवाल्याला खोटं बोलता येत नसे. बायकोच्या माहेरी एकदा वाढलेलं आवडलं नाही, तर तेही त्यानं ताटावरच सांगून टाकलं होतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं आणि यानं सरळ सांगितलं, पोरीचा हात मी मोडला, तर? पोलीस, खटला. पोरीला पुन्हा भेटू देणार नाहीत. बाप म्हणून त्याला तेवढंच तर उरलं होतं.

"तुम्ही एवढंच म्हणायचं," ती रोज त्याला शिकवायची. "पटत नाही. पुढं विचारलं तरी पटत नाही."

"पटत नाही," तो यारीचा दांडा ओढता ओढता म्हणायचा. "पटत नाही." खाली काम करणारे विचारायचे, "काय पटत नाही हो?" तो म्हणायचा, "दोर घासलाय. बदलायला हवा." हे मात्र खरं होतं.

घरात सासूला सांगायचं राहिलं होतं. दोघंही टाळत होती. एका सकाळी म्हातारी रोपांवरची किडकी पानं वेचता वेचता म्हणाली, "जागा तुला. पोर तुला. मला कुणाच्या वाट्याला घातलंय?"

रोपवालीच्या हातातली झारी कलंडली. कुणाच्याच वाट्याला घातलं नव्हतं. विसरलीच होती दोघं.

"मला ऐकू कमी येतं, डोळ्यांनी दिसतं," म्हातारी म्हणाली.

"आई, तुम्हाला मुलाबरोबर जायचं असेल तर…"

"मी इथंच राहते. तू ठेवलंस तर." तिनं एक पान चुरगाळून टाकलं. "पोटचा पोर आहे माझा. पण त्याच्याजवळ झोपायला मलाही भीती वाटते गं. आईनं असं म्हणू नये. वाटते, त्याला काय करू?"

दोघी पानं वेचत राहिल्या. सासूसुनेचं इतक्या वर्षांत एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

पाणी आणखी आटलं. शेजारच्या पंपावरून हंडे आणायचे, आधी घरात, मग उरलं तर रोपांना. लिंबाची रोपं खालून पिवळी पडू लागली. रोपवाली पहाटेपासून वाकलेली असायची, आणि वाकल्या वाकल्या तिचे कान छपरीकडे. त्याचा श्वास कसा चाललाय, कण्हतोय का, पोर कुठं आहे. दोघांनी सोडून द्यायचं ठरवल्यावर भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं. उलट ती वाढली. इतके दिवस निभावलं, आता तारखेच्या तोंडावर काही झालं तर?

तो तर रात्री बाहेरच थांबू लागला. विहिरीच्या काठाला, उघड्यावर. सकाळी यायचा तेव्हा डोळे तांबडे, गाल आत गेलेले. "झोपलात का?" ती विचारायची. "झोपलो की," म्हणायचा. तेवढं एक खोटं त्याला जमायला लागलं होतं.

आणि मग तिचा भाऊ आला.

भाऊ सुतार होता, खांद्यानं रुंद, तोंडानं फटकळ. बहिणीच्या घरात पाऊल ठेवताच त्यानं भाचीला उचलायला हात पसरले आणि प्लास्टर पाहिलं.

"हे काय?"

"झाडावरून पडली," रोपवाली म्हणाली.

"कुठल्या?"

घराभोवती चढण्याजोगं एकच झाड होतं, तेही शेजाऱ्यांचं. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं. भावानं झाडाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. "काय गं खारे, पडलीस?" खार आईच्या मागं सरकली.

त्याच वेळी विहीरवाला कामावरून आला. पायांना गाळ, हातात डबा. भावानं विचारलं, "पोरीचा हात कसा मोडला?"

रोपवालीनं डोळ्यांनी खुणावलं. नको. नको.

"मी मोडला," विहीरवाला म्हणाला.

भावानं त्याची गचांडी धरली आणि त्याला कुडाच्या भिंतीवर आदळलं. डबा घरंगळत गेला. त्यानं एक हाणली. विहीरवाल्यानं हात वर केले नाहीत. दुसरी हाणली. तो उभाच. त्याच्या ओठातून रक्त आलं. आणि रोपवालीनं पाहिलं की भाऊ मारताना घाबरायला लागलाय, कारण समोरचा माणूस मार चुकवत नव्हता.

"दादा, सोड! तो झोपेत होता."

"झोपेत? झोपेत हात मोडतात? मला येडा समजतेस?" भावानं त्याला सोडलं आणि धापा टाकत बहिणीकडे वळला. "आणि तू घटस्फोट घेतेयस ते गुपचूप? मला गावातल्या माणसाकडून कळतं? त्यानं धमकावलंय तुला. गोडीनं सुटतोय साला, ना पोलीस, ना काही. कोर्टात येतो मी त्या दिवशी. सांगतो सगळं."

"दादा, तुझ्या पाया पडते."

"पाया पडू नकोस. बहीण आहेस माझी." त्याचे डोळे भरले होते. तो तसाच निघून गेला.

म्हातारीनं पाण्यात फडकं भिजवून लेकाचा ओठ पुसला. तो म्हणाला, "बरोबर मारलं त्यानं." म्हातारीनं फडकं पुन्हा पिळलं.

तारखेच्या दिवशी दोघं सकाळच्या गाडीनं निघाली. पोर सासूपाशी. सगळ्या वाटेत रोपवाली मनात घोकत होती, दादा येणार नाही. त्याला काम असेल. गाडी चुकेल त्याची.

तो कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेला होता. धुतलेला सदरा घालून. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याच्याशेजारचा कारकून काहीतरी लिहून आत घेऊन गेला.

नाव पुकारलं. आधी तिचं.

आत पंखा फिरत होता आणि तरी उकडत होतं. न्यायाधीशबाईंनी तिला बसायला सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"तुमच्या भावानं काही सांगितलंय. ते मी तुमच्याकडून ऐकते. मुलीचा हात कसा मोडला?"

"पडली," तिच्या तोंडून निघालं.

बाई थांबल्या. रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं. "तुम्ही शपथेवर आहात. मी दुसरं विचारते. तुम्हाला नवऱ्याची भीती वाटते का?"

इतकी सगळी तयारी केली होती, पण हा प्रश्न कुणी शिकवलेला नव्हता. पटत नाही, हे त्याचं उत्तर होत नव्हतं. नाही म्हणावं, तर ती शपथेवर होती. तिनं हात मांड्यांखाली दाबले.

"वाटते," ती म्हणाली. आणि म्हटल्यावर तिला जाणवलं की हा शब्द तिनं आजवर कुणापुढंच उच्चारलेला नव्हता. सासूपुढं नाही, त्याच्यापुढं तर नाहीच. "लई वाटते, बाई. तो जागा असला की नाही वाटत. जागा असला की त्याच्यासारखा माणूस नाही. झोपला की वाटते."

मग ती सांगत गेली. विहीर, कड, तो हात, एकेक करून उलगडलेली बोटं. गळा. पत्र्यावरची काठी. पोरीचा तांब्या. आपले पाय पुढं गेले नाहीत, तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण बाकीच्याबरोबर ते बाहेर आलं आणि ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

बाईंनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. "हे अर्जात का लिहिलं नाहीत?"

"ते म्हणाले, एका ओळीत सांगा. एका ओळीत मावत नव्हतं."

तिला बाहेर पाठवलं आणि त्याला आत घेतलं. दार बंद झालं. ती बाकावर बसली, भावापासून लांब. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. एक हवालदार आला आणि दार ढकलून आत गेला. तिनं भिंतीचा आधार घेतला. संपलं. मीच घालवलं. त्याला शिकवत बसले आणि मीच सांगून आले. आता त्याला घेऊन जातील, जिथं दार बाहेरून बंद करतात अशा खोलीत. चार माणसांत झोपवतील. कुणीतरी त्याच्या अंगाला हात लावेल आणि मग…

ती उठून भावापाशी गेली. "बघितलंस? हेच हवं होतं ना तुला?"

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. "खरंच झोपेत होता तो?"

"आधी विचारायचंस."

"आधी सांगायचंस तू."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

भाऊ आपल्या हातांकडे बघत बसला.

हवालदार बाहेर आला. त्याच्या हातात बाईंची रिकामी पाण्याची बाटली होती. नळावर ती भरून तो परत आत गेला. तिचा जीव भांड्यात पडला नाही. पडायला भांडंच उरलं नव्हतं.

पुष्कळ वेळानं दोघांना एकत्र आत बोलावलं. विहीरवाला टेबलासमोर उभा होता, हात पाठीमागं, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून. बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिताच बोलल्या.

"तुमची संमती खरी आहे, याबद्दल माझी खात्री झाली. घटस्फोट मंजूर करते. जागा ठरल्याप्रमाणे. मुलगी आईकडे. वडील मुलीला भेटतील ते दिवसा, दुसरं मोठं माणूस हजर असताना. मुलीनं त्यांच्याकडे मुक्काम करायचा नाही." मग त्यांनी लेखणी ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही मोठ्या दवाखान्यात जायचं. गुंगीच्या गोळ्यांसाठी नाही. तिथं बोलून इलाज करणारे डॉक्टर असतात. चिठ्ठी देते. हे मी हुकमात लिहू शकत नाही, सांगतेय."

"जातो," तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "बाई, माझ्यावर केस नाही?"

"तुमच्या बायकोनं केली नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "यांनी केली नाही," त्यांनी दुरुस्त केलं.

बाहेर भाऊ व्हरांड्यात उभा होता. विहीरवाला समोर आला तसा तो बाजूला झाला. ओठावरची खपली अजून होती. भाऊ म्हणाला, "घराचं दार नीट लागत नाही तुमच्या. कडी बदलून देतो."

"दे," विहीरवाला म्हणाला. "चांगली जाड लाव."

परतीची गाडी निम्मी रिकामी होती. रोपवाली खिडकीशी बसली. शेजारची जागा मोकळी होती. विहीरवाला बसला नाही. वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून तो उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, "अहो, बसा की. जागा आहे." तो म्हणाला, "बरा आहे."

कितीतरी रात्री तो नीट झोपलेला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. गाडीच्या हेलकाव्यांनी त्याची मान पुढं येत होती आणि तो ती झटक्यानं वर करत होता. मधूनच डोळे मिटायचे. दांड्यावरची बोटं आवळायची. समोरच्या बाकावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. मुलाचं टोपडं त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. रोपवाली खिडकीजवळून उठली.

"ऐकलंत का?" ती म्हणाली. "इथं बसा. खिडकीशी. मी बाहेरच्या बाजूला बसते."

"झोप लागेल मला."

"लागू देत नाही. मी बोलते. तुम्ही नुसतं हं म्हणायचं. हं थांबलं की मी मोठ्यानं ओरडेन, गाडी थांबली तरी चालेल."

तो बसला. हात मांड्यांमध्ये दाबून, तिच्याकडे पाठ न करता. ती इतकी जवळ बसली होती की त्याच्या सदऱ्याचा घामट वास येत होता, आणि तिचं काळीज असं उडत होतं की त्यालाही ऐकू जावं. ती बोलायला लागली. लिंबाची रोपं पिवळी पडली, राख घालून बघते. हं. सासूबाईंचा गुडघा. हं. हात मोडला म्हणून खारीला शाळेत खेळायला घेत नाहीत, मग ती डाव्या हातानं गोट्या शिकली, सगळ्यांच्या जिंकल्या. तो हसला. हं. शेजारच्या पंपाचा पट्टा कुरकुरतो. हं. तिचा आवाज बसला तरी ती थांबली नाही. संसारात एवढं बोलणं दोघांत कधी झालं नव्हतं, आणि आता झालं ते सगळं एकेका हुंकाराकडे कान लावून, जीव मुठीत धरून.

फाट्यावर गाडी थांबली. तिथून त्याची वाट वेगळी. यारीची माणसं ट्रॅक्टर घेऊन उभी होती. त्याची वळकटी त्यांनी आधीच वर टाकली होती. पुढच्या गावी एक विहीर खोल करायची होती.

दोघं उतरली. रस्त्यावरचं डांबर उन्हानं मऊ पडलं होतं. तो म्हणाला, "दवाखान्याची चिठ्ठी तुझ्याकडे राहिली."

तिनं ती काढून दिली. देताना बोटांना बोटं लागली. तो जागा होता. त्यानं चिठ्ठी धरली, तिचा हात धरला नाही.

"पोरीला भेटायला येऊ ना?"

"या," ती म्हणाली. "दिवसा या. जेवायला थांबा."

ट्रॅक्टर सुरू झाला. तो मागं चढून वळकटीवर बसला नाही, उभाच राहिला. धुरळ्यात दिसेनासा होईपर्यंत उभाच होता.

रोपवाली घराच्या वाटेला लागली. ऊन डोक्यावर होतं आणि रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. थोडं चालल्यावर तिचे पाय थरथरू लागले. आधी गुडघे, मग मांड्या. ती कडेच्या दगडावर बसली. थरथर थांबेना. तिनं ती थांबवायचा प्रयत्नही केला नाही. घरी पोर वाट बघत होती, रोपांना पाणी घालायचं होतं. पण जवळपास कुणी झोपलेलं नव्हतं, कुणाचा श्वास ऐकायचा नव्हता. ती तिथं बसून राहिली, आणि मग मोठ्यानं, कुणाची पर्वा न करता रडली.